टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भाशयाचे अस्तर जाड दिसले, तर

सोलापूरच्या एका भगिनींनी आपल्या आईंविषयी विचारले आहे. आईंचे वय ६१ असून पाळी जाऊन दहा-अकरा वर्षे झाली आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी निघाली. सुरुवातीला दिलेल्या लेट्रोझोलने त्यांचे सांधे इतके धरले की जमिनीवरून उठणे कठीण झाले. म्हणून औषध बदलून टॅमॉक्सिफेनची २० मिलिग्रॅमची गोळी रोज सुरू झाली. तिलाही आता तीन वर्षे होत आली. पोटात दुखते म्हणून अलीकडे सोनोग्राफी केली, तेव्हा गर्भाशयाचे अस्तर १३ मिलिमीटर जाड असल्याचे अहवालात लिहून आले. अंगावरून रक्त एकदाही गेलेले नाही. एका डॉक्टरांनी पिशवी काढून टाकायला सांगितले, नात्यातल्या कोणी गोळीच बंद करायला सांगितले आणि घाबरलेल्या आईंनी आठ दिवसांपासून गोळी घेतलेली नाही. मुलीचा प्रश्न नेमका आहे: हार्मोन अडवणारी गोळी चालू असताना अस्तर वाढेलच कसे?

कारण सांगण्याआधी तातडीचे सांगतो. ज्यांनी टॅमॉक्सिफेन लिहून दिले, त्या कर्करोगतज्ज्ञांना आजच फोन करून गोळी थांबल्याचे कळवा. हे औषध शरीरातून सावकाश बाहेर पडते, त्यामुळे आठ दिवसांच्या खंडाने फार बिघडले असेल असे मला वाटत नाही. मात्र हा खंड महिन्यांवर जाऊ देणे धोक्याचे आहे. गोळी पुन्हा सुरू करताना राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या घेऊ नयेत. आणि तुम्ही लिहिले आहे तेवढीच माहिती खरी धरली, तर केवळ १३ या आकड्यावर गर्भाशय काढण्याचे कारण मला दिसत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. 'हार्मोन अडवणारी गोळी' हे शब्द आम्ही डॉक्टरच वापरतो आणि तिथेच गैरसमजाला सुरुवात होते. टॅमॉक्सिफेन शरीरातले इस्ट्रोजेन कमी करत नाही. पेशीच्या आत इस्ट्रोजेन ज्या प्रथिनावर जाऊन बसते, ज्याला आम्ही रिसेप्टर म्हणतो, त्या जागेवर ते स्वतः जाऊन बसते. पुढे काय घडेल, हे ती पेशी कोणत्या अवयवातली आहे यावर ठरते. इस्ट्रोजेनचा संदेश पुढे नेण्यासाठी रिसेप्टरला काही मदतनीस प्रथिने लागतात. टॅमॉक्सिफेन बसल्यावर रिसेप्टरचा आकार असा बदलतो की स्तनाच्या पेशीत हे मदतनीस त्याला चिकटत नाहीत आणि वाढ थांबते. गर्भाशयाच्या अस्तरात मात्र काही मदतनीस मुबलक असतात. ते बदललेल्या आकारालाही साथ देतात आणि वाढीचा संदेश, सौम्यपणे का होईना, पुढे जातो. म्हणजे एकच गोळी स्तनात इस्ट्रोजेनची वाट अडवते आणि गर्भाशयात इस्ट्रोजेनसारखीच वागते. हाडांतही तिचे वागणे इस्ट्रोजेनसारखे असते, म्हणूनच पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे या गोळीने ठिसूळ होण्याऐवजी थोडी टिकतात.

हे औषध मुळात कर्करोगासाठी शोधलेलेही नव्हते. इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६२ साली डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने ते तयार केले, तेव्हा शोध चालू होता गर्भनिरोधकाचा. उंदरांमध्ये त्याने गर्भधारणा रोखली. स्त्रियांमध्ये मात्र उलट बीजनिर्मितीला चालना मिळाली. पुढे मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगावर त्याचा उपयोग दिसला आणि १९७३ पासून ब्रिटनमध्ये ते या आजारासाठी मिळू लागले. गर्भाशयाविषयीची शंका १९८० च्या दशकात पुढे आली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात क्रेग जॉर्डन यांच्या गटाने एकाच उंदराच्या अंगावर मानवी स्तनाच्या आणि मानवी गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची अशा दोन गाठी रुजवल्या आणि टॅमॉक्सिफेन दिले. स्तनाची गाठ थांबली, गर्भाशयाची वाढत राहिली. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो, कारण त्यानंतर वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

या औषधाने अस्तरात नेमके काय होते, ते थोडे खोलात सांगितले पाहिजे, कारण सोनोग्राफीतल्या आकड्याचा अर्थ त्यावरच अवलंबून आहे. पाळी गेल्यानंतर अस्तर कागदासारखे पातळ होते. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या अनेक स्त्रियांत या पातळ थराखालचा आधार देणारा पेशीसमूह पाणी धरून फुगतो, त्यातील ग्रंथींची तोंडे बंद होऊन लहान-लहान पाण्याच्या पोकळ्या तयार होतात आणि काही वेळा हा बदल खालच्या स्नायूच्या थरापर्यंत उतरतो. वरचा खरा अस्तर-थर मात्र बहुतेक वेळा तसाच पातळ आणि निष्क्रिय राहिलेला असतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर हे सगळे मिळून एक जाड, भोके-भोके पडलेला पट्टा दिसतो, आणि मोजणारा डॉक्टर त्या सगळ्याची जाडी 'अस्तर' म्हणून लिहितो. यात मोजणाऱ्याची चूक नाही. ध्वनिलहरींना तो भेद करता येत नाही इतकेच. म्हणून असे कितीतरी अहवाल मी पाहिले आहेत, ज्यांत जाडी १२ किंवा १५ मिलिमीटर लिहिलेली होती आणि दुर्बिणीतून पाहिल्यावर आत फिकट, गुळगुळीत, निपचित अस्तर होते. तुकडा घ्यायला गेले तर हाती जेमतेम काही पेशी लागत.

दुसरा बदल पॉलिपचा, ज्याला बोलताना आपण 'आत मांस वाढले' असे म्हणतो. टॅमॉक्सिफेनमुळे गर्भाशयात सर्वाधिक वेळा सापडणारी खरी विकृती हीच. हे पॉलिप पुष्कळदा मोठे, चिवट आणि एकापेक्षा अधिक असतात. बहुतेक साधे असतात, तरी त्यांपैकी थोड्यांच्या टोकाशी किंवा बुडाशी कर्करोगपूर्व बदल सापडतात, त्यामुळे दिसलेला पॉलिप काढून तपासणे मला योग्य वाटते. तिसरा बदल म्हणजे ग्रंथींची खरी दाट वाढ, ज्याला हायपरप्लेसिया म्हणतात, आणि चौथा प्रत्यक्ष कर्करोग. यांचे प्रमाण पहिल्या दोन बदलांच्या मानाने कमी आहे.

किती कमी, हे आकड्यांतच पाहावे. अमेरिकेत तेरा हजारांहून अधिक निरोगी पण जोखमीच्या स्त्रियांवर झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत दरवर्षी हजारी सुमारे २.३ आणि न घेणाऱ्यांत सुमारे ०.९ स्त्रियांना झाला. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत धोका चौपट होता, त्याखालच्यांत लक्षणीय वाढ दिसली नाही. आता त्याच काट्यावर दुसरे पारडे ठेवा. 'अॅटलास' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, पाच वर्षांनंतर गोळी थांबवणाऱ्या आणि ती दहा वर्षे घेणाऱ्या स्त्रियांची तुलना केली होती. निदानानंतरच्या पाचव्या ते चौदाव्या वर्षांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण १.६ टक्क्यांवरून ३.१ टक्के झाले, त्यामुळे होणारे मृत्यू ०.२ वरून ०.४ टक्के झाले. आणि त्याच काळात, हार्मोनला प्रतिसाद देणारी गाठ असलेल्या स्त्रियांत, स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १५ टक्क्यांवरून १२.२ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९६ साली टॅमॉक्सिफेनला कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत घातले, आणि त्याच संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तुमच्या आईंच्या बाबतीत पारडे कुठे झुकते, हे त्यांच्या गाठीचा आकार, काखेतल्या गाठींची स्थिती आणि उरलेली वर्षे पाहून कर्करोगतज्ज्ञ सांगतील. गोळी सोडण्याचा निर्णय नातेवाइकांच्या बैठकीत होऊ नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

पाळी गेलेल्या, हे औषध न घेणाऱ्या स्त्रीला रक्तस्राव झाला आणि अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असले, तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी राहते. ही ४ मिलिमीटरची रेषा रक्तस्राव झालेल्या स्त्रियांसाठी आखलेली आहे. ती टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या आणि रक्तस्राव नसलेल्या स्त्रीला लावली, तर निम्म्याहून अधिक स्त्रिया विनाकारण शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातील. याच कारणाने अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, लक्षण नसलेल्या स्त्रियांची ठरावीक काळाने सोनोग्राफी किंवा बायोप्सी करू नये असे सांगितले आहे. अशा तपासण्यांनी कर्करोग लवकर सापडल्याचे दिसले नाही, भीती आणि शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून साधी तपासणी व्हावी आणि स्रावाविषयी स्पष्टपणे विचारले जावे, हे पुरेसे आहे.

या 'स्पष्टपणे विचारण्या'ला फार महत्त्व आहे. आपल्याकडच्या साठीच्या बायका 'रक्त गेले का' या प्रश्नाला 'नाही' म्हणतात, आणि खोदून विचारल्यावर 'थोडे मळकट जाते, पण ते काही पाळीसारखे नाही' असे सांगतात. लाल रक्त, तपकिरी डाग, मांस धुतलेल्या पाण्यासारखा गुलाबट स्राव, नुसता पाण्यासारखा सतत जाणारा स्राव, यांपैकी काहीही टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला एकदाही झाले, तर ते लक्षण धरावे आणि तपास करावा, मग सोनोग्राफीत जाडी कितीही असो. मुलगी म्हणून तुम्ही आईंना एकांतात, पुरुष मंडळी नसताना, हे शब्द वापरून विचारा. उत्तर बदलले, तर माझा सल्लाही बदलेल.

तपास करायचा झाला तर तो कसा, यावर माझे ठाम मत आहे. आत न पाहता केलेले क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडून काढणे, या स्त्रियांसाठी अपुरे आहे. चिवट पॉलिप चमच्याखालून निसटतो, आणि अहवाल 'अपुरा नमुना' किंवा 'निष्क्रिय अस्तर' असा येतो. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे दीड वर्षात तीनदा क्युरेटिंग झाले होते, तिन्ही अहवाल चांगले होते आणि डाग थांबत नव्हते. दुर्बीण घातल्यावर गर्भाशयाच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा पॉलिप लोंबकळत होता. म्हणून दुर्बिणीतून पाहून, म्हणजे हिस्टेरोस्कोपी करून, संशयास्पद जागेचाच तुकडा घ्यावा. भूल देणे जोखमीचे असेल तर अनेक ठिकाणी बारीक दुर्बिणीने ही तपासणी भुलीशिवायही होते. त्याआधीचा सोपा टप्पा म्हणजे गर्भाशयात थोडे सलाईन सोडून योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी. पाण्याच्या पार्श्वभूमीवर पॉलिप उठून दिसतो आणि खालच्या थराचा फुगवटा वेगळा ओळखता येतो. तुकडा पाठवताना कागदावर 'टॅमॉक्सिफेन, तीन वर्षे' असे लिहिलेले आहे ना, ते पाहा. ती एक ओळ नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या डॉक्टरांना अर्धी गोष्टच कळते.

पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये चित्र वेगळे असते, आणि ते वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. त्यांच्या शरीरात स्वतःचे इस्ट्रोजेन भरपूर असते, त्यामुळे टॅमॉक्सिफेनच्या सौम्य उत्तेजनाचा अस्तरावर वेगळा परिणाम सहसा जाणवत नाही. पाळी अनियमित होते, कधी काही महिने येतच नाही, बीजांडकोशात पाण्याच्या गाठी दिसतात. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असे मात्र समजू नये. औषध बीजनिर्मितीला चालना देऊ शकते आणि गर्भाला अपाय करू शकते. अशा स्त्रीने तांबी किंवा निरोध वापरावा, हार्मोनची गर्भनिरोधके वापरू नयेत.

तुमच्या आईंना आधी दिलेले लेट्रोझोल, तसेच अॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन, यांचे काम निराळे आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत, अरोमाटेज नावाच्या विकराच्या मदतीने तयार होते. ही औषधे तो विकरच बंद करतात. त्यामुळे अस्तराला कुठूनच खतपाणी मिळत नाही आणि ते पातळ राहते. टॅमॉक्सिफेन आणि अॅनास्ट्रोझोल यांची समोरासमोर तुलना करणाऱ्या 'अटॅक' चाचणीत गर्भाशयाचा कर्करोग अनुक्रमे ०.८ आणि ०.२ टक्के स्त्रियांत आढळला, आणि गर्भाशय काढण्याची वेळही टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांवर कितीतरी अधिक वेळा आली. टॅमॉक्सिफेनवरून या गटाकडे वळल्यावर जाड दिसणारे अस्तर काही महिन्यांत उतरल्याचेही पाहायला मिळते. सांधेदुखी आणि हाडांची झीज ही त्यांची किंमत आहे. पण एका औषधाने सांधे धरले म्हणून तिन्ही धरतीलच असे नाही, तेव्हा अॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन घेऊन पाहता येईल का, हा प्रश्न कर्करोगतज्ज्ञांना विचारण्यासारखा आहे. हाडांची घनता आधी मोजून घ्यावी.

या गटातल्या औषधांविषयी एक इशारा द्यायला हवा. केमोथेरपीमुळे चाळिशीत पाळी थांबलेल्या स्त्रीला, 'पाळी गेली' असे धरून लेट्रोझोल दिले जाते, आणि काही महिन्यांनी तिला रक्तस्राव होतो. हा रक्तस्राव अनेकदा अस्तराच्या आजाराचा नसून बीजांडकोश पुन्हा जागे झाल्याचा असतो. तसे असेल तर लेट्रोझोल एकटे तिचे संरक्षण करत नाही, किंबहुना बीजांडकोशांना अधिक चेतवते. अशा वेळी अस्तराइतकीच रक्तातील हार्मोनची तपासणी तातडीची असते. बीजांडकोश झोपवण्यासाठी गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन दिले जाते; त्याने पहिले एक-दोन आठवडे हार्मोन आधी उसळते, मग कोसळते. त्यामुळे पहिल्या महिन्यात एकदा रक्तस्राव होणे अपेक्षित असते आणि नंतर अस्तर पातळ होऊन शांत राहते.

इस्ट्रोजेनऐवजी प्रोजेस्टेरॉनची वाट अडवणारी औषधेही आहेत, आणि त्यांच्यामुळेही असाच गोंधळ उडतो. फायब्रॉइडसाठी, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतील साध्या गाठींसाठी, वापरल्या गेलेल्या युलिप्रिस्टलने अस्तर सोनोग्राफीत जाड दिसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथी पाण्याने फुगलेल्या दिसतात. ही वाढ कर्करोगपूर्व नसते आणि औषध थांबल्यावर सहसा काही महिन्यांत मावळते. ज्यांना हे स्वरूप ओळखीचे नसते ते त्याला हायपरप्लेसिया म्हणून मोकळे होतात. यकृताला क्वचित पण गंभीर इजा झाल्यामुळे या औषधावर युरोपात कडक बंधने आली, तो मुद्दा निराळा.

आपल्या देशात तयार झालेल्या एका औषधाचा उल्लेख इथे करायलाच हवा. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेले ऑर्मेलॉक्सिफेन, म्हणजे 'सहेली' आणि सरकारी केंद्रांत मिळणारी 'छाया' गोळी, हेही टॅमॉक्सिफेनच्याच विस्तृत घराण्यातले आहे. अस्तरावर मात्र त्याचे वागणे इस्ट्रोजेनला विरोध करणारे आहे. त्याने अस्तराची तयारी आणि बीजाचा प्रवास यांची वेळ जुळत नाही, आणि गर्भ रुजत नाही. म्हणूनच ही गोळी घेणाऱ्या काही जणींची पाळी लांबते आणि स्राव कमी होतो. एकाच घराण्यातली दोन औषधे एकाच अस्तराशी अशी उलट वागतात, त्यामुळे 'हार्मोनची गोळी' एवढ्याच शब्दावर कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

पिशवी काढण्याच्या सल्ल्याविषयी थोडे अधिक लिहितो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न महाराष्ट्रात चर्चेला आला, तेव्हा गर्भाशय काढणे किती सहज सुचवले जाते हे सर्वांना दिसले. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रीवर 'आता इथेही होईल' असे सांगून दबाव आणणे तर फारच सोपे असते. तुकड्याच्या तपासणीत विकृत पेशींसह हायपरप्लेसिया किंवा कर्करोग आढळला, तर गर्भाशय काढणे हाच योग्य उपाय आहे आणि तेव्हा मी स्वतः त्यात एक आठवडाही घालवू देणार नाही. टॅमॉक्सिफेनमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका आधीच वाढलेल्या स्त्रीवर मोठी शस्त्रक्रिया करताना तो धोकाही विचारात घ्यावा लागतो, म्हणून निदानाशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

तुमच्या आईंसाठी मी असे करेन. सोनोग्राफी पोटावरून केली होती की योनीमार्गातून, ते अहवालात पाहा. पोटावरून केली असेल तर ती योनीमार्गातून पुन्हा करून घ्या, आणि करणाऱ्या डॉक्टरांना टॅमॉक्सिफेनविषयी आधी सांगा. अस्तर सर्वत्र सारखे, बारीक पोकळ्यांनी भरलेले आणि कडा रेखीव असतील, स्राव खरोखर कधीच झालेला नसेल, तर काहीही न करता लक्षणांवर नजर ठेवणे मला मान्य आहे. एका बाजूला उंचवटा, रक्तवाहिनी शिरलेला कोंब किंवा गर्भाशयात साठलेले पाणी दिसले, तर एकदा हिस्टेरोस्कोपी करून घ्या. त्यांचे वजन जास्त असेल, मधुमेह असेल, किंवा रक्ताच्या नात्यात आतड्याचा अथवा गर्भाशयाचा कर्करोग कमी वयात झाला असेल, तर मी थोडे लवकरच दुर्बिणीकडे वळेन. पोटदुखीचे कारण अस्तरात असण्याची शक्यता कमी आहे; त्याचा शोध वेगळा घ्यावा, नाहीतर १३ च्या आकड्यामागे धावताना तो राहून जाईल. भेटीला जाताना स्तनाच्या गाठीचा मूळ अहवाल, दोन्ही औषधे सुरू आणि बंद केल्याच्या तारखा आणि टॅमॉक्सिफेन सुरू होण्याआधीची एखादी सोनोग्राफी असेल तर तीही बरोबर न्या.